गिरणी आणि नडगी

माझ्या मेहुणीचा उजवा अंगठा मी चेचला. मारामारीत नव्हे, तेवढी धमक माझ्यात असती तर संसारातल्या बऱ्याच गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. मी फक्त गाडीचं दार लावलं. जोरात लावलं, कारण आमच्या गाडीचं दार हळू लावलं तर लागत नाही, आणि "एकदा तरी नीट लावा हो" असं बायको सकाळपासून सुनावत होती. त्या दिवशी ते अगदी नीट लागलं. फक्त मध्ये अंगठा होता.

कच्चकन आवाज झाला. मेहुणी ओरडली नाही. काचेतून माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "भावोजी, दार उघडा." मी घाबरून हातातल्या किल्लीचं बटण दाबलं आणि गाडीची चारही दारं कुलूपबंद झाली. मग मात्र ती ओरडली.

हाड वाचलं, नख गेलं. सीटवरचा रक्ताचा डाग अजून आहे. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवते.

मेहुणीला घरीदारी सगळे हातोडी म्हणतात. जुन्या इमारती पाडणाऱ्या एका कंपनीत ती यंत्र चालवते. दोन मुठींमध्ये दोन दांडे धरायचे आणि समोरच्या भिंतीत पोलादी चोच खुपसायची, की कुणाचं तरी स्वयंपाकघर धुरळा होऊन खाली येतं. असं दिवसभर पाडून आलं की माणसाला शांतता हवीशी वाटेल, असा माझा समज होता. हातोडी घरी येऊन हातपाय धुते आणि व्हिडिओ गेममध्ये माणसं मारायला बसते.

गेम दोघांमधल्या मारामारीचा आहे. पडद्यावर दोन गडी. एकाने दुसऱ्याला लाथाबुक्क्यांनी आडवं करायचं, एवढंच कथानक. हातोडीचा गडी म्हणजे मनगटाला साखळ्या गुंडाळलेली एक टकली पैलवान बाई. त्या बाईच्या एका लांबलचक डावाचं नाव हातोडीने ठेवलंय गिरणी. पोटात ठोसा, हनुवटीवर गुडघा, मानेवर कोपर, मग वरून साखळीचा तडाखा, आणि शेवटी उचलून पाठीचा कणा मांडीवर मोडायचा. प्रत्येक फटका आधीच्या फटक्याच्या शेपटीला बांधलेला. मधलं एक बटण पापणी लवायच्या अंतराने चुकलं तरी सगळं फसतं. पण जमलं, तर माणूस एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने पीठ होऊन बाहेर पडतो. वर्षभर हातोडीने दुसरं काही केलं नव्हतं. सराव करताना समोर एक बाहुला उभा असतो. तो बिचारा उलटून मारत नाही. त्याचं तिने रोज पीठ पाडलं.

घोडं अडलं होतं ते एका दंतवैद्यापाशी. मोठ्या स्पर्धेत आमच्या शहरातून एकालाच जागा मिळते, आणि ती जागा दरवर्षी हा माणूस घेऊन जायचा. सडपातळ, आवाज मऊ, नखं स्वच्छ. त्याला गिरणीबिरणी काही येत नाही. अंतर राखून उभं राहायचं, आलेला मार अडवायचा, आणि समोरचा दमला की नडगीवर एक लाथ. बस. पहिल्या दिवशी शिकवतात ती लाथ. गेल्या वर्षी त्याने हातोडीला नडगीवर मारून मारून संपवलं होतं. टाळ्या सगळ्या हिला, जागा त्याला. तेव्हापासून कुणी "दात" असा शब्द काढला तरी हातोडी ताटावरून उठायची.

आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर मी तिचा अंगठा दारात दिला. डावा अंगठा गडी हलवतो, उजवा बटणं दाबतो. उजव्यावर आता बटाट्याएवढं बँडेज होतं. त्या बटाट्याने एका वेळी एकच बटण दाबता येई. म्हणजे चालणं, अडवणं, एक ठोसा, एक लाथ. गिरणी बंद.

कामावरून सक्तीची रजा मिळाली होती, त्यामुळे पाडायला भिंत नव्हती. उरलो मी.

"बसा समोर," दुसरा कंट्रोलर माझ्या मांडीवर टाकत ती म्हणाली.

"अगं, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मार खायला काय कळावं लागतं? ताईशी लग्न केलंत ना?"

तेव्हापासून रोज मी मरू लागलो. माझ्या बरगड्या मोडल्या, जबडा निखळला, डोळा तर इतक्या वेळा फुटला की मी खरोखरचा चष्मा पुसून बघायचो. नडगीवर लाथ, नडगीवर लाथ, पुन्हा नडगीवर. पडद्यावरचा माझा गडी रक्त ओकत गुडघ्यावर यायचा, की साखळीवाली बाई त्याच्या छातीवर पाय ठेवायची. माझी एकच विद्या होती. जीव घाबरा झाला की मी उडी मारायचो. उडी मारली की खालून हातोडीचा उलटा ठोसा ठरलेला. मी हवेतच मरायचो. तिला तो ठोसा इतका सवयीचा झाला, की मी उडी मारायच्या आधीच तिचा बटाटा बटणावर जाऊन बसायचा.

बायको शेजारी इस्त्री करत होती. ती एकदा म्हणाली, "अगं, हा माणूस घाबरला की उडी मारतो. झुरळ दिसलं तरी मारतो. तुझा डॉक्टर घाबरतो का?"

"ताई, तू इस्त्री कर."

ताईने इस्त्री केली.

स्पर्धा एका टायरच्या गोदामात होती. सगळीकडे रबराचा वास, आणि टायरांच्या चळतींवर बसलेली आरडाओरडा करणारी पोरं. त्यांच्यातच आम्ही नवरा-बायको. एकेकाला लोळवत दोघं अंतिम सामन्यात समोरासमोर आले. दंतवैद्याने हातोडीच्या बँडेजकडे पाहिलं, हळहळला, आणि खुर्चीत टेकत म्हणाला, "दुखलं तर हात वर करा हं." सवयच ती.

तीन डावांचा सामना. पहिला डाव. हातोडी उलटा ठोसा तयार ठेवून उडीची वाट बघत उभी. दंतवैद्य उडी मारेना. तिचा ठोसा हवेत गेला, नडगी उघडी पडली, आणि लाथ बसली. ती पुन्हा उडीची वाट बघायला लागली, पुन्हा लाथ. मला दरदरून घाम फुटला. ती दंतवैद्याशी लढतच नव्हती हो, माझ्याशी लढत होती! टकली बाई गुडघ्यावर आली, तिसऱ्या लाथेला तोंडावर पडली. दंतवैद्याने निघताना तिच्या डोक्यावर पाय दिला. गेममध्ये तशी सोय आहे.

हातोडीने मागे वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, ताईकडे. ताईने फक्त भुवया वर केल्या.

दुसरा डाव म्हणजे मारामारी नव्हतीच. हातोडी अंतर राखून, हात बांधून उभी. तोही तसाच. लग्नात बिनसलेल्या व्याह्यांसारखे दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहिले. पोरं ओरडायला लागली, "मारा की कुणीतरी!" घड्याळ संपत आलं. त्या सभ्य माणसाला कुणी ताटकळत ठेवलं नसावं. त्याच्या दवाखान्यात ताटकळतात ते पेशंट. त्याच्या कपाळावर एक शीर उठली. आणि त्याने उडी मारली.

"माझी उडी!" मी टायरवरून ओरडत उठलो.

बटाटा आधीच बटणावर होता. उलटा ठोसा हनुवटीखाली असा बसला की दंतवैद्याच्या गड्याचे दात पडदाभर उधळले. दंतवैद्याने दचकून स्वतःच्या गालाला हात लावला, तोवर घड्याळ संपलं आणि डाव हातोडीचा झाला.

तिसऱ्या डावात मग दोघांनी एकमेकांना कुटून काढलं. लाथ, ठोसा, आपट. पडद्यावर रक्त, बँडेजवरही रक्त. दोन्ही गडी एकेका फटक्याचे धनी उरले. हातोडीने दातांनी बँडेज ओढून काढलं. खालचा अंगठा बघून पुढचं पोरगं टायरवरून उतरून बाहेर गेलं. मला कळलं, आता गिरणी.

पोटात ठोसा. त्याने अडवला. हनुवटीवर गुडघा, तोही अडवला. मानेवर कोपर, तेही अडवलं. वर्षभर त्याने गिरणीच पाठ केली होती. पुढचा तडाखा वरून येणार हे ठाऊक असल्यामुळे त्याच्या गड्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले. तडाखा आलाच नाही. साखळीवाल्या बाईने त्याच्या उघड्या नडगीवर एक साधी लाथ घातली.

तो दगडासारखा पडला. हातोडीने पडद्यावर त्याच्या छातीवर पाय ठेवला, शेजारच्या खुर्चीतल्या खऱ्या दंतवैद्याचा हात मात्र हलकेच दाबला. दंतवैद्य म्हणाला, "अंगठ्याला टाके घालून घ्या," आणि उठून गेला.

परत निघताना दार तिने स्वतः लावलं, माझा हात कुठे आहे ते बघून. माझ्यातला तत्त्वज्ञ मात्र आता गप्प बसेना. मी आरशात बघत विचारलं, "खरं सांग हातोडे, तू मुद्दाम थांबलीस की रक्ताने अंगठा घसरला? आणि शेवटी खरी विद्या कोणती? पाया पक्का हवा, की गिरणी यायला हवी?"

"समोरचा मेला ना? मग गाडी काढा."