वाळूतला खंडोबा

२०१४च्या सुमारास मी मेटल डिटेक्टर विकत घेतला तेव्हा बायको म्हणाली, "भंगारच गोळा करायचं होतं तर पुण्यात काय कमी होतं?" आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणाऱ्या माणसाला रविवारी तरी काहीतरी खरंखुरं सापडावं, एवढीच माझी इच्छा होती.

ओहोटीची वेळ बघून मी सकाळी या परदेशातल्या पासिर रिसच्या समुद्रकिनाऱ्यावर हेडफोन लावून फिरायचो. पूर्वी तिथे कोळ्यांची वस्ती होती, असं एका निवृत्त चिनी अंकलनी सांगितलं होतं. या विद्येतले ते माझे गुरू. खणलेला खड्डा बुजवायचा आणि वस्तू जितकी खोल तितकी जुनी, म्हणून ती किती खोल सापडली ते आधी बघायचं, हे त्यांचे दोन नियम. दोन वर्षांत मला कॅनच्या कड्या, एक जेवणाचा काटा आणि गंजलेलं कुलूप एवढं मिळालं होतं. तरी माझी हाव काही सुटत नव्हती.

आणि एका रविवारी कानात खणखणीत आवाज आला. वीतभरही खणावं लागलं नाही. हातात आला तो चक्क देवाचा टाक! आपल्या देव्हाऱ्यात पुजतात तो, चांदीच्या पत्र्यावर ठसवलेला. घोड्यावर खंडोबा, मागे म्हाळसा, चेहरे झिजून गुळगुळीत झालेले. अंकल वाकून बघत म्हणाले, "सो शॅलो, नॉट सो ओल्ड लाह." यांना टाकातलं काय कळतंय, असं म्हणून मी ते कानाआड केलं. आजकाल टाक घेऊन या देशात येतो कोण? आम्ही येतो ते लॅपटॉप आणि प्रेशर कुकर घेऊन. हा नक्कीच शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या मराठी शिपायाचा. घरचा देव कमरेला बांधून पलटणीबरोबर आला असेल बिचारा. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. आपल्या आधी इथे आपलं कोणीतरी होतं, याचा मला फार आनंद झाला.

तो पोटात मावेना. मराठी मंडळींच्या पुढच्या मेळाव्यात अर्ध्या तासाचं भाषण मी परस्पर ठरवूनही टाकलं, स्लाइड केल्या. टाक मात्र काळाकुट्ट होता, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान गेल्यावर मुलाकडे राहायला आल्या होत्या. चांदी ओरखडे न पाडता कशी उजळायची ते त्यांनाच ठाऊक असणार.

मी शिपायाची गोष्ट रंगवून सांगत होतो. काकूंनी टाक चष्म्याजवळ नेला आणि कडेवरून बोट फिरवलं. तिथे सोनाराने डाग देऊन चीर सांधलेली होती.

"हा डाग मी लावून घेतलाय," त्या म्हणाल्या. "सासूबाईंच्या हातून पडून कड फाटली होती."

मला क्षणभर काही कळेचना. मग त्यांनीच सांगितलं. घरचे पाच टाक घेऊन त्या इकडे आल्या. मुलगा-सून सात वाजता घराबाहेर पडणार, नात इंग्रजी शाळेत. आपल्यामागे या देवांना पाणी कोण घालणार? झिजलेले टाक पाण्यात सोडतात, तसेच हेही सोडावेत असं त्यांनी ठरवलं. फिरायला जाते सांगून एकट्याच किनाऱ्यावर गेल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, देव दिरांकडे पाठवले.

"गुडघ्यांमुळे फार आत जाता आलं नाही. आणि सोडल्यावर मागे वळून बघू नये म्हणतात. मी बघितलं रे." त्यांनी टाक पदराने पुसला. "दोन वर्षं झाली, अजून आंघोळ झाली की हात पूजेला जातो. बाकीचे चौघे कुठे असतील?"

मला माझीच लाज वाटली. भाषण त्याच संध्याकाळी रद्द केलं.

पुढच्या रविवारी काकूंना घेऊन किनाऱ्यावर गेलो. अंकलही आपलं यंत्र घेऊन आले. तीन तास आम्ही दोघांनी वाळू पिंजून काढली, पण कॅनच्या कड्यांशिवाय काही हाती लागलं नाही.

"ते गेले," काकू शेवटी म्हणाल्या. "हा एकटा हट्टाने बसून राहिला."

"याला पुन्हा सोडायचं?"

"आधी मुलाला सांगते. तू चल बरोबर."

मुलगा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मोजकं बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टाक बराच वेळ तळहातावर धरून ठेवला. आता हा आईवर चिडणार, म्हणून मी मधे पडायच्या तयारीत होतो.

"आई, मला विचारायचंस तरी," तो म्हणाला. "तू येणार म्हणून मी देव्हारा करून घेतला होता. तो बनून यायच्या आधीच तू म्हणालीस, देव धाकट्या काकांकडे पाठवले."

तो स्टोअररूममधून खोकं घेऊन आला. त्याची टेपसुद्धा कोणी काढली नव्हती. आत सागवानी देव्हारा होता, आणि त्यात टाकांसाठी कोरलेले पाच खण. काकूंनी मधल्या खणात खंडोबा ठेवला आणि उरलेल्या चार खणांवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या.