बोडक्या डोक्यांचा बंदोबस्त

साठ सालानंतर मालवणात टोप्यांवर संक्रांत आली. मुंबईहून सुट्टीला आलेली पोरं तेल लावून भांग पाडत आणि उघड्या डोक्याने खुशाल बाजारात फिरत. आमचे वडील निवृत्त हेडमास्तर. झोप आणि आंघोळ सोडली तर काळी टोपी त्यांच्या डोक्यावरून उतरत नसे. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. घरात माणूस गेला की पुरुष टोपी काढतात. बोडक्या डोक्याने कोणी दारात आला की समजायचं, सुतक आहे. "आता रस्त्यार चार बोडके दिसले तर रडूचा काय हसूचा?" असं ते येईल त्याला विचारत.

त्यातूनच गावातल्या पाच-सहा वयस्करांनी टोपीची मिरवणूक काढायचं ठरवलं. अध्यक्ष अर्थात वडील. शेतात इरलं घेणाऱ्या बायांना मिरवणुकीत घ्यावं का, यावर एक अख्खी बैठक खर्ची पडली. इरलं पावसासाठी असतं, अब्रूसाठी नसतं, असा निर्णय झाला. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, पण समितीत माझं काम वडिलांच्या टोपीला ब्रश मारण्यापुरतं होतं.

आदल्या दुपारी आचऱ्याहून निरोप आला: थोरल्या काकांचं दुखणं वाढलंय, येऊन जा. संध्याकाळची गाडी होती. वडिलांनी पिशवी भरली आणि ती मांडीवर घेऊन ओटीवर बसून राहिले. भाषण पाठ झालं होतं. त्यांची घालमेल मला बघवेना. मीच म्हटलं, "बाबा, उद्या मिरवणूक झाली की दुपारच्या गाडीन जावा. काका खंय पळतत?" त्यांना तेवढंच हवं होतं. माझं ते वाक्य मला आजही खातं.

सकाळी भरड नाक्यावरून मिरवणूक निघाली. पुढे बाजा, मागे काळ्या टोप्या, पांढऱ्या टोप्या, मुसलमान व्यापाऱ्यांच्या लाल गोंडेवाल्या टोप्या, आणि एका निवृत्त बोटवाल्याची हॅट, जिला परदेशी म्हणून सर्वात मागची जागा मिळाली होती. कडेने स्वयंसेवक पांढऱ्या टोप्यांची टोपली घेऊन चालत. उघडं डोकं दिसलं की हसत हसत त्यावर टोपी चढवायची, अशी वडिलांची सूचना होती. लोक लाजून घालून घेत.

बंदरावर व्यासपीठ होतं. वडील बोलायला उठले आणि गर्दीच्या मागच्या टोकाला हात उंच करणारा माझा चुलतभाऊ, काकांचा धाकटा मुलगा, त्यांना दिसला. ते वाकून मला म्हणाले, "दादाचो झील इलो गो. डोक्यार टोपी आसा. म्हणजे दादा बरे आसत." त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी क्वचितच पाहिला असेल. मग ते पाऊण तास बोलले. डोक्यावर टोपी म्हणजे घर सुखरूप, हा त्यांचा विषय. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मधे दोनदा चुलतभाऊ पुढे यायला बघत होता. भाषण चाललंय म्हणून लोकांनी त्याला दाबून बसवला.

टाळ्या थांबल्यावर तो पायरीपाशी आला आणि त्याने टोपी काढली.

"काका, बाबा आज फाटफटी, उजाडच्या आधी गेले. घरात सगळे तुमच्यासाठी थांबलेत."

"मगे ही टोपी?"

"चौघांनी धरून घातल्यानी. सांगूक गेलंय तर हसाक लागले."

वडिलांनी आपली टोपी काढून माझ्या हातात दिली. कपाळावर तिची रेघ उमटलेली होती. गर्दीतून वाट काढत आम्ही तिघं स्टँडवर आलो.

गाडीत चुलतभाऊ हळूहळू सगळं सांगत होता. काकांनी रात्री पेज घेतली नाही. आदल्या संध्याकाळी मात्र दोनदा विचारलं, मालवणची गाडी इली काय? वडील खिडकीबाहेर बघत होते.

आचरा जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "भाषण जरा लांबला. आवरूक होया होता."

मी मान हलवली. भाषण सुरू होण्याआधी कितीतरी तास काका गेले होते. आदल्या संध्याकाळच्या गाडीचं नाव ना त्यांनी काढलं, ना मी. पुढे वडील वीस वर्षं जगले, पण ते कधीच निघालं नाही.