मग्गमच्या अक्का

अक्कांनी 'चालु' म्हटलं की शूटिंग थांबायचं. निदान थांबायला हवं असायचं. तेलुगूत चालु म्हणजे पुरे, बास. अक्कांचं घर तेलुगू, बाजार मराठी आणि अर्धी गल्ली दखनी बोलणारी. त्यामुळे कुठला शब्द कुठल्या भाषेत तोंडातून बाहेर पडेल हे त्यांनाही आधी ठाऊक नसायचं. सीन मनासारखा झाला की त्या तेलुगूत खूश व्हायच्या आणि 'चालु' म्हणायच्या. समोरचा नट मराठी आणि नवा असला की तो बिचारा पुढं बोलतच राहायचा, पाठ केलेलं संपलं की मनाचं बोलायचा. कॅमेऱ्यामागून रफिक विचारायचा, "अक्का, तुम चालु बोले तो मैं बंद करूं के चालू रखूं?" अक्का म्हणायच्या, "ठेव की. बरं बोलायलंय ते." चुकून चालू राहिलेल्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या अशा काही जागा आमच्या पिक्चरांत अजून आहेत, आणि लोक नेमके तिथंच हसतात.

मी मूळची मोहोळची. लग्न होऊन सोलापूरच्या पूर्व भागात आले, ती अक्कांच्या शेजारची भाडेकरीण म्हणून. माझे मिस्टर शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग करायचे. आमच्या खोलीची मागची भिंत म्हणजेच अक्कांच्या माग-शेडची भिंत, त्यामुळे संसाराचे पहिले दिवस मागांच्या खटखटीतच गेले. यजमान वारल्यावर अक्का धाकट्या दिरांच्या जोडीनं टॉवेलचे माग चालवत होत्या. पण धंदा बसत गेला आणि एका दुपारी सगळे माग भंगारात गेले. टेम्पो निघून गेला, दीर घरी गेले, आणि अक्का रिकाम्या शेडमध्ये शांतपणे झाडू मारत होत्या. मी दारात उभी होते. त्यांनी वर बघून म्हटलं, "शोभा, उजेड बघ किती आहे इथं. इतकी वर्षं दिसलाच नाही."

उजेड खरंच होता. शेडच्या छपराला उत्तरेकडून काचा होत्या, त्यातून दिवसभर एकसारखा, सावली न पाडणारा उजेड यायचा. तो बघूनच लग्नाची शूटिंगं करणाऱ्या रफिकनं शेडचा एक कोपरा दिवे आणि कॉम्प्युटर ठेवायला मागितला. तो लग्नाचं एडिटिंग करत बसला की अक्का विड्यांचं सूप मांडीवर घेऊन मागं बसायच्या. माग गेल्यावर त्यांनी पुन्हा विड्या वळायला घेतल्या होत्या. एकदा त्यांनी त्याला थांबवलं. पंगतीमागं, भिंतीशी, एक बाई उभी होती आणि डोळे पुसत होती. ही कोण, असं अक्कांनी विचारलं. रफिक म्हणाला, नवरीची आत्या असावी, पैसे देणाऱ्या पार्टीला तिचं काही नको असतं, मी कापतो. अक्का म्हणाल्या, "मग ते आपण ठेवू. तिचं पिक्चर आपण करू."

त्या वेळी आम्ही हसलो. पण चार दिवसांनी अक्कांनी गोष्ट रचून आणली होती, आणि ती चांगली होती. मला लिहिता येतं म्हणून संवाद माझ्याकडे आले. स्टुडिओचं नावही अक्कांनीच ठेवलं, 'मग्गम'. तेलुगूत मग्गम म्हणजे माग. जुन्या पत्र्याच्या पाटीवर तीन लिपींत ते रंगवून त्यांनी शेडच्या दारावर ठोकलं. गल्लीला वाटलं, माग परत आले. दोघंतिघं काम मागायलासुद्धा येऊन गेले.

पहिल्या पिक्चरात लग्न हवं होतं आणि आमच्याकडे ना मांडव, ना वरात, ना माणसं. अक्कांनी आत्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि लग्न दाराबाहेर ठेवलं. दारातून फक्त बँडचा आवाज येतो, मध्येच कुणीतरी "पाणी आणा की" म्हणून ओरडतं, दारासमोरून एक जरीचा पदर जातो. पुढं हा आमचा नियमच झाला. नाही ते दाराबाहेर ठेवायचं, असं त्या म्हणायच्या. मोटार दाराबाहेर, पोलीस दाराबाहेर, निवडणुकीची मिरवणूक दाराबाहेर. पुण्याहून आलेल्या एका मुलानं एकदा कौतुकानं विचारलं होतं की ही तुमची शैली कशी घडली. अक्का त्याला म्हणाल्या, "दार होतं, म्हणून."

आत्याचं काम केलं गल्लीतल्या अंबुबाईंनी. आयुष्यभर विड्या वळलेली, तोंडानं फटकळ बाई. पण कॅमेऱ्यासमोर बसवली आणि तिचा दगड झाला. हात कुठं ठेवावेत तेच कळेना तिला. अक्कांनी थोडा वेळ पाहिलं, मग घरातून स्वतःचं सूप आणून तिच्या मांडीवर ठेवलं. अंबुबाईंची बोटं आपोआप पानावर गेली, खांदे खाली आले आणि ती बोलायला लागली. तेव्हापासून आमच्या पिक्चरांत कुणी रिकाम्या हातानं बोलत नाही. कुणी शेंगा फोडतं, कुणी बटण लावतं, कुणी नुसतं चटईचं निघालेलं सूत ओढत बसतं.

माझ्याकडे पुढं आवाजाचंही काम आलं. कोळिष्टकं काढायच्या बांबूला माइक बांधून मी उभी राहायचे. आजूबाजूच्या शेडमधले माग चालूच असायचे, त्यामुळे बोलायचे सीन मागांच्या सुट्टीच्या दिवशी आणि बाकीचे दिवस मुक्या सीनचे, अशी आमची विभागणी होती. शेडमध्ये आवाज घुमायचा म्हणून अक्कांनी न खपलेल्या जुन्या चादरी भिंतीभर टांगल्या. उन्हाळ्यात पत्रा तापला की आवाजासाठी पंखे बंद ठेवावे लागत, तेव्हा त्याच चादरी ओल्या करायच्या. घामानं निथळणारी माणसं कुरकुरायला लागली की अक्का रागावत नसत, चिंचेचा भात वाढत. पण कुणी कामाला उशिरा आलं तर मात्र तीनही भाषांत बोलणी बसायची, आणि कुठल्या भाषेत शिवी जास्त लागते हे त्यांना नीट माहीत होतं.

असे लहान लहान पिक्चर करता करता अक्कांनी मोठा पिक्चर धरला. माग बंद पडल्यावर गाव सोडून निघालेला बाप आणि मागं राहणारी मुलगी, एवढीच गोष्ट. मुलीच्या कामाला सुनंदा घेतली, आमच्या एका लहान पिक्चरात तिनं आधी काम केलं होतं. ती सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नर्सिंग शिकायला सोलापुरात आली होती आणि आमच्याच गल्लीत मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. तिचा चेहरा असा होता की ती नुसती ऐकत असली तरी बघत राहावं. पिक्चर निम्म्यावर आला आणि दिरांनी येऊन सांगितलं की शेडला गिऱ्हाईक आलंय, दिवाळीनंतर रिकामी करून द्यावी लागेल. ते वाईट माणूस नव्हते. अर्धी शेड त्यांची होती आणि इतके दिवस त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं. अक्कांनी त्यांना चहा दिला, बरं म्हणाल्या, आणि ते गेल्यावर आम्हाला म्हणाल्या, "म्हणजे आता रोज काम."

त्या रोजच्या कामातच सुनंदाचे वडील आले. गावातल्या कुणीतरी मोबाईलवर तिला त्या लहान पिक्चरात पाहिलं होतं आणि घरी जाऊन सांगितलं होतं. खांद्यावर घोंगडं टाकलेला, उंच, वाळलेला माणूस दारात उभा राहिला आणि आवाज न चढवता म्हणाला, "पोरीला न्यायला आलोय. शिकाय पाटवलं हुतं. ह्ये असलं न्हाय." सुनंदा एका कोपऱ्यात खाली मान घालून उभी. रफिकनं कॅमेऱ्यावर फडकं टाकलं. मला वाटलं, संपलं. नवी मुलगी शोधून पहिल्यापासून करायला दिवसही नव्हते आणि शेडही राहणार नव्हती.

अक्कांनी विनवण्या केल्या नाहीत. त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आबा, तुमची पोर, तुम्ही न्या. आजचा दिवस बसून बघा पण, आम्ही काय करायलोय ते. मग न्या." आबा बसले. खुर्ची दिली होती, तरी माग बसवायच्या जुन्या दगडावरच बसले.

मागांना सुट्टी होती, आणि त्या दिवशीचा सीन बाप निघून जातो तो होता. बाप दाराबाहेर पडतो आणि मुलगी रडते. दोन-तीनदा केला, जमेना. सुनंदा रडत होती, पण ते बघवत नव्हतं, नाटक वाटत होतं. खरा बाप समोर बसलेला, मुलगी खोट्या बापासाठी रडणार कशी, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. अक्का कपाळावर हात धरून बसल्या. तेवढ्यात दगडावरून आबा बोलले.

"ती आशी रडत न्हाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आबा जमिनीकडं बघत होते. "ती पाट फिरवती. तिची आई गेली तवा बी तिनं मला त्वांड दावलं न्हाय. चुलीकडं त्वांड करून बसली हुती. म्या पाटच बघितली निस्ती."

अक्का उठल्या. त्यांनी सुनंदाला खांद्याला धरून भिंतीकडं वळवलं आणि रफिकला मागून घ्यायला खुणावलं. मी माइक धरला. आमच्या माइकमध्ये त्या वेळी श्वासाशिवाय काहीच आलं नाही. सुनंदाची पाठ, सैल झालेली वेणी आणि हातातलं अर्धं गुंडाळलेलं सूत. ती पाठ आधी ताठ होती, मग हळूहळू तिच्यातून काहीतरी गेलं. अक्का थांबवायचं विसरल्या. रफिकनं आपणहून कॅमेरा बंद केला तेव्हा आबा बाहेर जाऊन कट्ट्यावर बसले होते.

अक्का त्यांच्यामागं गेल्या. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, बराच वेळ बोलत होते एवढं खरं. परत आल्या तेव्हा आबा त्यांच्याबरोबर होते. ते सुनंदाजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आर्धं सोडू नगंस. पर शाळा बी सोडू नगंस." मग आमच्याकडं न बघता घोंगडं उचलून निघाले. मेंढरं भावाच्या अंगावर टाकून आले होते.

पिक्चर दिवाळीच्या आधी पुरा झाला. तो पहिल्यांदा दाखवला शेडमध्येच, भर दुपारी. छपराच्या काचांवर चादरी टाकून अंधार केला आणि समोरच्या भिंतीला चुना लावला. गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायका सुपं घेऊनच आल्या होत्या. आबा सांगोल्याहून आले. दीरही आले आणि मागं, एका बाजूला, उभे राहिले. पिक्चरात मागांचा आवाज आहे, तो मी समोरच्या शेडमधून घेतला होता. पण पिक्चर संपल्यावर दीर अक्कांना म्हणाले, "वैनी, आवाज माझ्या मागाचा आहे. दाराजवळच्या. ते असंच वाजायचं." अक्का म्हणाल्या, "व्हय."

तरी शेड गेली. तसंच ठरलं होतं. आता तिथं युनिफॉर्मच्या कापडाचं गोडाऊन आहे. अक्कांनी भिंतीवरच्या चादरी उतरवून, धुऊन, एकेक करून पिक्चरात काम केलेल्या बायकांना दिल्या. पाटी रफिकनं विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या आपल्या दोन खोल्यांवर नेऊन लावली, आणि मग्गम तिथं सुरू राहिलं. मोठा पिक्चर आम्ही अकलूजच्या शाळेत दाखवला, वैरागला बाजाराच्या दिवशी एका मंगल कार्यालयात दाखवला, आणि नंतर फोनवर तो कुठं कुठं गेला ते आम्हालाही सांगता येणार नाही. अक्का मात्र मुलाकडं हैदराबादला गेल्या. गुडघे दुखत होते, एकटीनं राहणं होत नव्हतं. जाताना त्यांनी मागं काय कसं करायचं याची एकही सूचना केली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सुनंदा आता एका दवाखान्यात नर्स आहे आणि सुट्टीच्या दिवशी मग्गममध्ये पिक्चर करते. गेल्या वर्षी तिनं स्वतः लिहिलेली गोष्ट घेतली. त्यात दवाखान्यात एकटी येऊन बसणारी एक म्हातारी आहे. सुनंदानं हैदराबादला फोन केला आणि म्हणाली, अक्का, म्हातारीचं काम तुमी करा. अक्का आधी नाही म्हणाल्या, मग सकाळच्या गाडीनं आल्या.

मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. बसायच्या आधीच पदरावर चहा सांडला, कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि घोटभर पाणी मागितलं, परत मागितलं. सुनंदानं त्यांच्या हातात औषधाची रिकामी डबी दिली. बोलायचं होतं मराठीत, त्या बोलल्या तेलुगूत. पिक्चरातल्या नर्सला तेलुगू कळत नाही आणि म्हातारी सांगतच राहते, असा तो सीन झाला. सुनंदानं तो तसाच ठेवला. रफिक डोळे पुसत होता.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली. अक्कांनी पायरीवर पाय ठेवला आणि मागं वळून म्हणाल्या, "शोभा, सुनंदाला सांग. माझं ते नीट झालं नाही. मी डबीकडं बघायलते सारखं. मी परत येते, परत घे म्हणावं."

मी सुनंदाला सांगितलं. तिच्या मते सीनमध्ये काहीच कमी नव्हतं. ती थोडं हसली आणि म्हणाली, "येऊ द्या की."

पुढच्या आठवड्यात अक्का आल्या. गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या अंगावर तीच साडी होती, तिच्यावर मागच्या वेळचा, सीनमध्ये दिसलेला चहाचा डाग होता. धुतली नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं, आणि रिक्षात बसायच्या आधी पदर उलगडून डाग नीट दिसतोय ना, ते मला बघायला लावलं.