दोरा आणि साबणाचं पाणी

आमच्या साखरपुड्यात माझ्या अंगठीला दोरा गुंडाळावा लागला आणि त्यांच्या बोटाला साबण लावावा लागला. एवढं डोळ्यांदेखत होऊनही मला काही खटकलं नाही, याचा मला अजून राग येतो. मी हायस्कूलला गणित शिकवते. पोरांच्या वहीतली चूक मला लांबूनसुद्धा दिसते.

आमच्याकडं मुलाकडचं कुणीतरी येऊन मुलीच्या बोटाचं माप घेऊन जातं, नाहीतर तिची जुनी अंगठी मागून नेतात. माझं माप कुणी मागितलंच नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "बघतील की ते. तू कशाला मधी मधी करतीस?" मी गप बसले.

अनगोळच्या कार्यालयात त्यांनी माझ्या बोटात अंगठी घातली आणि ती गरागरा फिरली. मी घाबरून मूठ आवळली. तेवढ्यात आईनं पर्समधून पिवळ्या दोऱ्याचं रीळ काढलं, अंगठीला खालून दोरा गुंडाळला आणि टोक दातानं तोडलं. मग माझी पाळी. आमच्याकडची अंगठी त्यांच्या पेरावर अडली. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी लगेच साबणाच्या पाण्याची वाटी पुढं केली. फोटोवाला ओरडत होता, "मॅडम, हाताकडं नको, इकडं बघा!" मी इकडं बघितलं, हसले आणि अंगठी दाबून बसवली. "विहिणी लई तयारीच्या हं," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

आम्हा दोघांचाही हा दुसरा साखरपुडा होता. दोघांचीही लग्नं आधी एकदा ठरून मोडलेली. निपाणीहून ते मला बघायला आले तेव्हाच आम्ही ते एकमेकांना सांगून टाकलं होतं. मला इतकं हलकं वाटलं होतं त्या दिवशी! म्हटलं, चला, एक तरी माणूस असा भेटला ज्याच्यापुढं मला मान खाली घालावी लागणार नाही.

दोरा महिनाभरात काळा पडला. आई म्हणत होती, "लग्नापतोर ऱ्हाऊ दे, बोट भरंल." बोट काय भरतंय डोंबल! एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी कुणाला न सांगता शहापूरला सोनाराकडं गेले. त्यांनी दोरा कापला, अंगठी जराशी तापवली आणि भिंग लावून बघत बसले.

"आक्का, ही जुनी हाय की."

"छे हो! साखरपुड्याच्या चार दिवस आधी घडवून आणलीय. सासूबाईंनीच सांगितलंय."

"घडवलेली असंल, पण तुमच्यासाठी न्हाय. ही मधनं कापून, तुकडा घालून वाढवलीया. हे बघा, इथं जोडायला डाग दिलाय." त्यांनी भिंग माझ्याकडं सरकवलं. पट्टीत दोन बारीक रेघा दिसल्या. "कुणाचं तरी बोट तुमच्यापेक्षा जाड हुतं."

कुणाचं तरी म्हणजे कुणाचं ते मला सांगायची गरज नव्हती. सोनार पाणी देत होते, ते न घेताच मी अंगठी पर्समध्ये टाकली, बाहेर आले आणि निपाणीला त्यांना फोन लावला. "आत्ताच्या आत्ता बेळगावला या."

त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ते तसंच कामगाराच्या हवाली करून दीड तासात ते आले. शर्टाला ग्रीस लागलेलं होतं. स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो आणि मी अंगठी टेबलावर ठेवली.

"ही तिची आहे?"

त्यांनी थाप मारली नाही. "व्हय. परत आलती. मी आईला म्हटलेलं, नवी करू. ती ऐकंना."

"आणि तुम्ही मुकाट्यानं घातलीत? लाज वाटली नाही?" मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पलीकडच्या टेबलावरची माणसं इडली तशीच ठेवून बघायला लागली. "मला लग्न करायचं नाही. ही घ्या परत."

त्यांनी अंगठी उचलायला हात पुढं केला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बोटातली अंगठी नीट पाहिली. चौकोनी, वर घासलेली नक्षी, आणि एक कोपरा आत चेपलेला.

तो कोपरा मला माहीत होता. माझं आधी ज्याच्याशी ठरलं होतं त्याचा हात गाडीच्या दारात सापडला, तेव्हा तो चेपला होता. त्याच्या बोटावर मीच बर्फ धरून बसले होते. लग्न मोडल्यावर अंगठी घरी परत आली आणि आई म्हणाली होती, विकून टाकली.

"एक मिनिट," म्हणून मी बाहेर आले आणि आईला फोन केला. "आई, त्यांच्या बोटात कुठली अंगठी आहे?"

आई म्हणाली, "त्यांनीबी नवी केली न्हाय, आपणबी न्हाय. आमचं दोघी विहिणींचं फोनवर ठरलंतं. त्यांची सैल हुणार, म्हणून मी दोरा आणला. आपली घट्ट हुणार, म्हणून त्यांनी साबण आणला. सोनं काय उष्टं हुतंय व्हय गं?"

मी फोन बंद केला. त्यांनी निदान मला तोंडावर खरं सांगितलं होतं. आता माझी पाळी होती. पळून जावं असं खरंच मनात आलं. समोर खानापूरची बस लागलेली होती. पण आत गेले, बसले आणि त्यांच्या बोटाकडं बघत सगळं सांगितलं. चेपलेला कोपरा, तो कुणामुळं चेपला, आईचा फोन, सगळं.

त्यांनी अंगठ्यानं तो कोपरा चाचपला. "पण ही तुम्हीच घातली की माझ्या बोटात."

"मी बघितलीच नाही हो. शप्पत."

"घट्ट हाय हे मला तवाच कळलंतं," ते म्हणाले. "रात्री बोट ठणकतं. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय." मग त्यांनी दुसऱ्या हातानं अंगठी धरली. "मग मीबी परत देतो."

ते ओढायला लागले. अंगठी पेरापर्यंत आली आणि अडली. बोट लालभडक झालं, तरी ते ओढतच होते. बेसिनपाशी साबण होता. मला तो दिसत होता, आणि मी तो दाखवला नाही.

"ओढू नका," मी त्यांचा हात धरला. "सुजेल."