रहाट, दरवाजा आणि बुधवारचा तास

दिनू गेल्याचं कळलं तेव्हा मी स्टेशनाजवळ पडावावर एका रिक्षावाल्याशी भांडत होतो. मी भांडायला लागलो की पार तिकडे आग्र्याची माणसं खिडक्या लावून घेतात, असं दिनूच सगळ्या ग्वाल्हेरला सांगायचा. तेवढ्यात त्याच्या मुलीचा फोन आला. "नानाकाका, बाबा गेले हो... झोपेतच." मी भांडण अर्ध्यात टाकलं तसा रिक्षावालाच घाबरला. "बैठो बाबूजी, कहाँ छोड़ दूँ?" म्हणाला. मुरारला, दिनूच्या घरी जायचं होतं. मी नुसतं त्या दिशेनं बोट केलं.

त्याला आता काही आठवडे झाले. दिनू, म्हणजे दिनकर मोघे, कंपू भागातल्या आमच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायचा आणि मी गणित. विज्ञान, तंत्रज्ञान, गणित हे सगळं एकत्र शिकवावं म्हणून हल्ली मोठ्या हॉटेलांत परिषदा भरतात, वर जेवणही असतं म्हणे. दिनूनं हे सुरू केलं तेव्हा चहासुद्धा आम्ही घरून आणायचो. "नाना, तुझ्या तासाला पोरगं वर्तुळ काढतं, माझ्या तासाला चाक शिकतं, आणि दोन्ही एकच आहे हे त्याला कुणी सांगतच नाही!" असं म्हणून त्यानं भांडून बुधवारचा शेवटचा तास मागून घेतला. आठवीच्या एका वर्गावर तीन मास्तर एकदम: तो, मी आणि लाकूडकाम शिकवणारे रामसेवक मास्टर.

त्या वर्षी शाळेच्या बागेसाठी रहाट करायचा ठरला. पाण्याचा विचार दिनूचा, मापं माझी, लाकूड रामसेवकांचं. मी चाकाचा व्यास काढून दिला. आता सुताराची रीत अशी की गोल काढायचा तर मधोमध खिळा ठोकायचा, खिळ्याला दोरी बांधायची आणि मिळालेलं माप त्या दोरीला द्यायचं. दोरीला हवी होती त्रिज्या, मिळाला व्यास; चाक दुप्पट झालं. शपथेवर सांगतो, किल्ल्यावरूनही दिसावं एवढं! "चूक तिघांची," दिनू म्हणाला. मी आजही म्हणतो, दोघांची. पण खरी पंचाईत पुढे होती. चाक तयार झालं कार्यशाळेच्या आत, आणि कार्यशाळेचा दरवाजा त्याच्यापेक्षा ठेंगणा.

नेमकं तेव्हाच आमची आणि मुरारची शाळा एक करायचं घाटत होतं. नवे प्राचार्य कोणते तास ठेवायचे, कोणते उडवायचे ते बघत फिरत होते. ते दारात थांबले. "मोघेजी, स्कूल है कि सर्कस? तोड़ो इसे, और ये पीरियड भी बंद करो." दिनूचा चेहरा असा उतरला की मला त्याच्याकडे बघवेना. त्याचं सगळं त्या एका तासात होतं. "सर, आजचा तास तरी द्या," तो म्हणाला, "पोरं काढतील बाहेर."

पोरांनी ढकललं, ओढलं, दरवाजाला शिव्या घातल्या. मग मंजू नावाची एक मुलगी पुढे झाली. माझ्या पेपरात कर्णाचं उदाहरण तिनं कधी धडपणे सोडवलं नव्हतं. तिनं चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्यात दोरी ताणली. "सर, तिरछा करें तो?" तिरकी दोरी चाकाहून बोटभर लांब निघाली. चाक कलतं केलं आणि ते चौकट खरवडत बाहेर आलं. पोरांनी अशी आरोळी ठोकली की बाड्याच्या चौकातली कबुतरं उडाली ती पंधरा दिवस परतली नाहीत. प्राचार्यांनीही टाळ्या वाजवल्या. दिनू मात्र एका कोपऱ्यात चष्मा पुसत राहिला, बराच वेळ...

तास वाचला असं आम्ही धरून चाललो. मग शाळा एक झाल्या. विज्ञान मुरारच्या इमारतीत गेलं, गणित कंपूत राहिलं, कार्यशाळेला कुलूप लागलं आणि रामसेवक मास्टर ऑफिसात बाबू झाले. मी भांडायला गेलो तर प्राचार्य म्हणाले, "अरे भाई, टाइमटेबल में पीरियड है ना!" होता की. बुधवार, शेवटचा तास, तीन मास्तरांची नावं. फक्त तिघं एका खोलीत नव्हते.

मग दर बुधवारी शाळा सुटल्यावर दिनू सायकल मारत मुरारहून माझ्या अंगणात यायला लागला. आधी वर्गातली पोरंही आली, मग दोनतीनच उरली, मग कुणीच नाही. तरी दिनू यायचा. आम्ही निवृत्त झालो तरी यायचा, पुढे गुडघे गेले तेव्हा रिक्षानं. "नाना, हा कडुलिंब किती उंच असेल रे, सावलीवरून?" मी कागदावर आकडेमोड करून उत्तर सगळ्या गल्लीला ऐकवायचो. तो शांतपणे म्हणायचा, "आकडा आला, छान झालं. आता ऊठ, मोजून बघू." मग दोन म्हातारे अंगणात. टेपचं टोक तो धरायचा, खाली बसून, आणि म्हणायचा, "हं, ओढ."

परवा बुधवार होता. घरात मी एकटाच. लिंबाची सावली भिंतीपर्यंत आली होती. मी टेपचं टोक बुंध्याशी विटेखाली दाबून ठेवलं आणि भिंतीकडे चालत गेलो. थांबलो. कुणी "हं, ओढ" म्हणेना. मग आपणच ओढली. टोक विटेखालून सुटलं आणि सरसरत माझ्याच हातात येऊन बसलं.