राधेच्या तोंडावरचा सफेदा

शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात सोंग घेऊन उभं राहायचं तर आधी सावित्रीकाकींच्या पाटासमोर बसावं लागतं. रत्नागिरीपासून तासाभरावरच्या या गावात बावीस वर्षं झाली, गणपतीपासून रावणापर्यंत सगळी सोंगं त्यांच्याच हातून रंगून मंचावर जातात. रंगाची पत्र्याची पेटी सासऱ्यांची. ते गेले तेव्हा घरातले पुरुष मुंबईला, आणि शिमगा काही कुणासाठी थांबत नाही. "बाईमाणसानं सोंगं रंगवायची?" असं चारचौघांनी विचारलंही. काकींनी पेटीला हळदकुंकू वाहिलं, देवाला गाऱ्हाणं घातलं आणि पहिल्या गवळणीची हनुवटी धरली. तेव्हा गवळणीही पुरुषच व्हायचे. दाढीचे खुंट झाकायचे तर सफेदा थापण्यावाचून इलाज नव्हता.

आता पोरी नाचतात. खुंट गेले, सफेदा राहिला.

गेल्या वर्षी राधा झाली होती वैष्णवी. पोर रत्नागिरीत नर्सिंग शिकते. गळा असा की तिनं गवळण उचलली की चहाच्या टपरीवरची माणसं कप खाली ठेवतात. रंगानं मात्र चांगली काळी. मंडळाचे अध्यक्ष लवूदादा म्हणाले होते, "वयनी, दोन थर मारा. मालिकांत बघता ना? नायिका कशी उजळ असते. काळी असते ती मोलकरीण, नायतर करणी करणारी." काकींनी मारले. नाचता नाचता घाम फुटला, थर ओघळले. पेंद्याच्या सोंगात लवूदादाच होते. त्यांनी भर मंचावर विचारलं, "ही गवळण कुठल्या चुलीतनं काढली रे?" गाव पोट धरून हसलं. कुणीतरी मोबाईलवर काढलेलं ते हसू मुंबईपर्यंत पोचलं.

ते थर आपल्या हातचे होते, हे काकींच्या मनातून वर्षभर गेलं नाही.

यंदा दिवे लागायच्या वेळी वैष्णवी पाटासमोर येऊन बसली, पण डोक्यावरचा पदर काढीना. "काकी, सफेदा लावणार असाल तर मी नाय उभी राहत. हसायला दुसरी कोणतरी बघा."

तेवढ्यात लवूदादा दारातून डोकावले. "वयनी, यंदा तीन थर हां! गेल्या वर्षीसारखं नको." आणि मृदंगवाल्याला हाका मारत निघून गेले.

"बघितलंत?" वैष्णवी उठायला लागली.

"बस गो," काकी म्हणाल्या. "सफेदा कशाला असतो ठाऊक आहे? दाढी झाकायला. तुझ्या गालावर दाढी आहे?"

शेजारी हर्षद गवळणींच्या मावशीच्या सोंगासाठी लुगडं नेसून बसला होता. तो गाल चोळत म्हणाला, "माझ्या आहे, काकी. माझ्यावर ओता सगळा."

"तू गप बस. कृष्ण काळा, त्याला निळा रंगवून आपण पाया पडतो. आणि त्याच्या राधेला तेवढी चुन्यात बुडवायची? मालिकावाल्यांना देव दिसत नसेल, आपल्याला तर दिसतो ना?"

त्यांनी खोबरेल तेलाचं बोट घेतलं. सफेद्याचा डबा उघडलाच नाही. डोळ्यांत ठसठशीत काजळ, कपाळभर मळवट, गालांवर कुंकवाची पुसट लाली, नाकात मोत्याची नथ. काळ्या कातडीवर ते मोती असे उठून आले की हर्षदचं चेष्टा करणंच राहिलं.

"आता ऊठ. आधी देवळात."

या गावात रंगलेलं सोंग ग्रामदेवीच्या उंबऱ्यावर डोकं टेकून आलं की खेळ संपेपर्यंत त्याच्या रंगाला कुणी हात लावत नाही. वैष्णवी डोकं टेकून काकींबरोबर परत फिरली आणि वाटेतच लवूदादा आडवे आले.

"हे काय? वयनी, हिचं तोंड रंगवायचं राहिलं!"

"राहिलं नाय, भावोजी. झालं."

"अहो, पण..."

"देवीपुढे टेकून आली ती. पुसायचं असेल तर पुसा तुम्ही."

लवूदादांनी देवळाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं, आणि ते हात धोतराला पुसत निघून गेले.

काकी खेळ कधीच पुढून बघत नाहीत. पडद्यामागे रंगाच्या वाट्या धूत बसतात, कान तेवढे मंचाकडे. गवळणी निघाल्याचे घुंगरू वाजले. पेंद्याच्या सोंगातले लवूदादा आडवे आले. माणूस सवयीचा गुलाम. वरच्या पट्टीत तेच निघालं, "मावशे, ही गवळण कुठल्या चुलीतनं काढलीस गो?"

काकींच्या हातातली वाटी थांबली.

"जिथनं तुझा कृष्णदेव काढला ना मेल्या, त्याच चुलीतनं!" मावशी झालेल्या हर्षदचा आवाज आला. "जा, त्याला विचार, सफेदा लावतोस काय?"

हसू असं उसळलं की मंडपाची कनात हलली. पण यंदा ते पेंद्याच्या वाट्याला आलं होतं. मृदंगवाल्यानं दोनदा थाप देऊन पेंद्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहिली. मग त्या हसण्यातूनच वैष्णवीनं गवळण उचलली, आणि एकेक बाक गप्प होत गेला.

काकींनी ओल्या हातांनी पेटीला नमस्कार केला आणि उरलेल्या वाट्या धुवायला घेतल्या.