घुबडाची कुंची

हॅलोविनबद्दल माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको. वर्षभर घरातली कोळिष्टकं झाडणारी माणसं या दिवसांत दुकानातून विकतची कोळिष्टकं आणतात आणि अंगणातल्या झुडपांवर पसरतात. गवतात प्लॅस्टिकचे सांगाडे उभे करतात. मग पोरांना सोंगं देऊन दारोदार चॉकलेटं मागायला पाठवतात. आपल्याकडे भिक्षा मागायला निदान मुंज तरी व्हावी लागायची.

त्यात यंदा माझ्या दादाची मुलगी. चार महिन्यांची, तोंडात एक दात नाही. तिच्या नावावर चॉकलेटं कोण खाणार हे सांगायला ज्योतिषी नको. दादा-वहिनी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहतात, मी मिशिगनमध्ये ॲन आर्बरला, विद्यापीठाच्या एका लॅबमध्ये नोकरी करते. सप्टेंबरात वहिनीचा फोन आला. "अगं, तू शिवतेस ना? बाळासाठी कॉस्च्यूम शिवशील? घुबड हवंय. इथल्या आयांच्या ग्रुपमध्ये सगळ्या होममेडच करतायत यार."

वहिनीला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि याचा तिला थोडा अभिमानच आहे. पण होममेडचा तोरा मिरवायचा तर कुणाच्या तरी घरी मशीन चालायला हवं. घुबडच का, तर पोरीच्या खोलीत पाळण्यावर घुबडं, चादरीवर घुबडं, भिंतीवरही घुबडं. आमच्याकडे तोंड पाडून बसलेल्या माणसाला घुबड म्हणतात. नागपूरला आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कुणी विचारलं तर सांग, लक्ष्मीचं वाहन आहे."

तरी मी हो म्हटलं. त्याला कारण होतं. या पोरीचं बारसं माझ्या हातून गेलं होतं. आत्यानं कुंची आणायची, बाळाच्या कानात नाव सांगायचं, पाठीवर बायकांचे धपाटे खायचे आणि मग सगळ्यांबरोबर घुगऱ्या खायच्या, एवढाच तर आत्याचा मान. दादाची एकुलती एक बहीण मी. पण वहिनीच्या बहिणीला जो शनिवार सोयीचा, त्या शनिवारी यांनी बारसं उरकलं आणि मला सांगितलं, तू व्हिडिओ कॉलवर ये. मी साडी नेसून लॅपटॉपपुढे बसले. ऐन वेळी जीव तोडून कुर्रर्र केलं, तर पलीकडून दादा म्हणतो, "अगं, तू म्यूटवर आहेस." तोवर वहिनीच्या बहिणीनं वाकून नाव सांगून टाकलं होतं. मावशीनं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी लॅपटॉप मिटला आणि ओक्साबोक्शी रडले.

मला त्या पोरीच्या डोक्यावर माझी कुंची बघायची होती. घुबड तर घुबड.

आईनं मागं दिलेला तपकिरी खण काढला. कुंची म्हणजे टोपी, आणि टोपीलाच जोडून पाठीवर सोडलेली चुण्यांची झूल. घुबडाचं तरी वेगळं काय असतं, त्याचीही मान कुठं संपते ते कळत नाही. आतून जुन्या मलमलचं अस्तर लावलं, कपाळावर काठाची झालर घेतली. पिसं म्हणून खणाचेच अर्धगोल तुकडे खालच्या ओळीपासून वर शिवत गेले. वर दोन कान, दोन बटबटीत डोळे. हनुवटीखाली बांधायला बंद. वहिनीला फोटो पाठवला. उत्तर आलं, "सो क्यूट, पण गळ्याशी नाड्या सेफ नाहीत, वेल्क्रो लाव." कुंचीला वेल्क्रो. लावलं. कुंची हा शब्द मी तोंडातून काढला नाही, नाहीतर "आपण बारशाला आणली होती की ऑनलाइन" हे ऐकावं लागलं असतं.

हॅलोविनला मी कुंची घेऊन दादाकडे न्यू जर्सीला गेले आणि संध्याकाळी आम्ही तिघं बाबागाडी घेऊन निघालो. रस्त्यावर एक भोपळा, दोन मधमाश्या, एक डायनोसॉर, सगळे पाकिटातून काढलेले, अंगावर घड्या तशाच. ही होममेडवाल्या ग्रुपची तऱ्हा. "वी मेड इट," वहिनी दारोदार सांगत होती. मी मागं पिशवी धरून उभी. लोक वाकायचे, आउल म्हणायचे, गोड म्हणायचे, पुढच्या पोराकडे वळायचे. दादा फोटो काढत होता. मला वाटलं होतं, एकदा कुंची तिच्या डोक्यावर चढली की माझं समाधान होईल. कसलं समाधान. चार घरं झाल्यावर मला परत रडू यायला लागलं, आणि त्याचाही राग आला.

शेवटच्या घराच्या पोर्चमध्ये एक काकू बसल्या होत्या. साडीवर मुलाचं जाड जॅकेट, पायात मोजे आणि चपला, मांडीवर चॉकलेटांचं भांडं. घरच्यांनी त्यांना दारावर बसवून दिलं होतं. वहिनीनं सवयीनं "ट्रिक ऑर ट्रीट" म्हटलं. काकूंनी चॉकलेट उचललं आणि हात तिथंच थांबला.

"अगं बाई, कुंची," त्या म्हणाल्या. "खणाची आहे की. आत्या कोण तुमच्यात?"

"मी," म्हटलं.

"नाव सांगितलंस का कानात?"

"बारसं झालं, काकू," वहिनी म्हणाली. "ही व्हिडिओ कॉलवर होती."

काकूंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. "फोनवरून कानात नाव जातं होय? चल गं, सांग तू. मी आहे धपाटे घालायला."

मी वाकले. झालर जरा बाजूला केली, कुर्रर्र केलं आणि माझ्या भाचीला तिचं नाव सांगितलं. पाठीत काकूंचा धपाटा बसला. हात चांगलाच जड होता. "तूही घाल गं," त्या वहिनीला म्हणाल्या. वहिनीनं घातला तो त्याहून जोरात. बरेच दिवस साठवलेला असावा. साठवलेलं माझ्याकडेही होतंच, फिट्टंफाट झाली. पोरगी डोळे वटारून माझ्याकडे बघत होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ती घुबडासारखी दिसली.

"घुगऱ्या काही नाहीत बाई, यावरच भागव," म्हणत काकूंनी चॉकलेट पिशवीत न टाकता माझ्या हातावर ठेवलं.

पोरांच्या नावावर चॉकलेटं खाणाऱ्यांबद्दलचं माझं मत वर सांगितलंच आहे. ते चॉकलेट मी तिथंच, उभ्या उभ्या खाल्लं. उद्या ही पोरगी मोठी होऊन मला इंग्रजीतून अक्कल शिकवायला लागेल, तेव्हा तिला सांगता येईल की बाई गं, तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी.